नोंदकर्त्याचा धर्म

एखादी गोष्ट सत्य आहे, एवढ्यावरून ती सर्वांस सांगितलीच पाहिजे काय? नीतिशास्त्रांतील हा जुना प्रश्न बहुधा वैद्य आणि रोगी, साक्षीदार आणि न्यायाधीश यांच्या संबंधांत चर्चिला जातो. परंतु सरपटणाऱ्या प्राण्यांची नोंद करणाऱ्या शास्त्रज्ञापुढेंही तो आज तितक्याच निकडीनें उभा आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

गोदावरीचें खोरें घ्या. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावून सुमारें १,४६५ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीचें खोरें तीन लाख चौरस किलोमीटरांहून मोठें आहे. पठारावरचीं कोरडीं माळरानें, इंद्रावती व शबरी यांच्या कांठचीं अरण्यें, मुखाजवळचीं खारफुटीचीं वनें. प्रत्येक ठिकाणचे साप, सरडे, पाली, कासवें निराळीं. माल्कम स्मिथ यांनीं १९३१, १९३५ व १९४३ सालीं तीन खंडांत हिंदुस्थानांतील सरीसृपांचें वर्णन केलें. पण वर्णन झालें म्हणजे वसतिस्थानांचा शोध संपला असें नव्हे. बेडोम यांनीं एकोणिसाव्या शतकांत ओरिसांतील जैपूरच्या डोंगरांतून मिळविलेली एक पाल पुढें शंभराहून अधिक वर्षें कोणास दिसली नाहीं. ती या शतकांत पुनः सांपडली. नोंद नसणें म्हणजे प्राणी नसणें नव्हे, हा यांतला पहिला धडा.

हा धडा केवळ विद्वत्तेचा नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मगरीस अभय दिलें. पण अमुक डोहांत मगर आहे हें कोणीं लिहूनच ठेविलें नसेल, तर त्या डोहांतील वाळू उपसणाऱ्यास अडविणार कोण? ज्याची नोंद नाहीं, त्याची बाजू कोणी मांडीत नाहीं. म्हणून नोंद करणें हें कर्तव्यच ठरतें.

आतां दुसरी बाजू पाहूं. इंडोनेशियांतील रोटी बेटावरच्या एका लांब मानेच्या कासवास १९९४ सालीं स्वतंत्र जातीचें नांव मिळालें. त्याबरोबर हौशी संग्राहकांची मागणी वाढली आणि थोड्याच वर्षांत तें रानांतून जवळजवळ नाहींसें झालें. आपल्याकडील तारांकित कासवाची चोरटी विक्री इतकी माजली कीं, २०१९ सालीं त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी घालावी लागली. नेमकें स्थळ छापणें म्हणजे अशा वेळीं चोरास वाट दाखविणेंच होय.

यावर कोणी म्हणेल, दोष चोराचा, लिहिणाऱ्याचा नव्हे. हें अर्धेंच खरें आहे. परिणाम अगोदर स्पष्ट दिसत असतां जो बोलतो, त्यास त्या परिणामांतून सर्वस्वीं मोकळें होतां येत नाहीं. उलट कोणी म्हणेल, तर मग मौनच बरें. पण मौनानेंही प्राणी मरतो, आणि शिवाय शास्त्र बुडतें. कारण जें दुसऱ्यास तपासतां येत नाहीं, तें ज्ञान नव्हे, ऐकीव गोष्ट होय.

माझ्या मतें, असत्य आणि संयम यांतील भेद येथें उपयोगी पडतो. मूळ नोंदींत स्थळ, तारीख व पाहणाऱ्याचें नांव पूर्ण असावें. शोधूनही प्राणी दिसला नाहीं, तर तेंही लिहावें. प्रसिद्ध नकाशांत मात्र चोरीचें भय असलेल्या जातीपुरता तालुक्याचा उल्लेख पुरे, आणि आपण कांहीं राखून ठेविलें आहे हें उघड सांगावें. उघडपणें राखलेलें मौन कोणास फसवीत नाहीं. चुकीचें स्थळ छापणें मात्र फसवणूकच होय.

तरीही एक प्रश्न उरतोच: किल्ली कोणाच्या हातीं? कासव कोठें अंडी घालतें हें बहुधा प्रथम ठाऊक असतें तें कांठावरच्या भोयास वा कोळ्यास. त्याच्याकडून ऐकून लिहिलेली नोंद उद्यां त्याचेंच जाळें बंद पाडण्यास कारण झाली, आणि त्यास एका शब्दानें विचारलेंही नाहीं, तर त्या नोंदीचें सत्य अबाधित राहील, पण न्याय राहणार नाहीं. ज्याच्या सांगण्यावरून नोंद झाली, त्यास ती काय आहे व कशासाठीं आहे हें आधीं कळलें पाहिजे, आणि ती राखण्यांत त्याचाही वांटा असला पाहिजे. हें काम मंद आहे, कष्टाचें आहे; पण त्यावांचून तो कांठावरचा मनुष्य पुढच्या वेळीं खरें सांगणार नाहीं, आणि मग वही कितीही सुबक असली तरी ती कोरीच राहील.