‘बाहेरचे’ म्हणजे नेमके कुठले?

परवा एका फलकावरून झालेल्या दंगलीनंतर शांतता समितीच्या बैठकीत पुन्हा तेच सांगण्यात आले, की गाव गुण्यागोविंदाने नांदत होते आणि जे झाले ते बाहेरच्यांनी केले. तरुणांचा उतावळेपणा, मोबाइलवरचे संदेश ही कारणेही पुढे आली, ती नेहमीचीच. ‘बाहेरचे’ हे कारण मात्र खोलात जाऊन तपासायला हवे, कारण त्या एका शब्दात अख्ख्या गावाची सुटका होते. बाहेरून आलेल्या माणसाला रात्रीच्या अंधारात कोणते दुकान कोणाचे हे कळत नाही. ओळीतली चार शटर सोडून तो पाचव्यापाशीच थांबत असेल, तर ते दाखवणारे बोट गावातलेच असते, आणि त्या बोटाचा उल्लेख बैठकीच्या इतिवृत्तात कधीच येत नाही.

उदाहरण म्हणून येवला घ्या. विंचूरहून पूर्वेला निघालेला रस्ता येवल्यावरून वैजापूरला जातो. येवला मुंबई प्रांतात आणि वैजापूर निजामाच्या राज्यात असल्यामुळे, १५ ऑगस्ट १९४७ पासून १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादने शरणागती पत्करेपर्यंतचे १३ महिने, येवला हे देशाच्या सीमेलगतचे गाव होते. तिथे बाहेरचा कोणाला म्हणावे? रघोजी नाईकांनी वसवलेल्या त्या गावात विणकर मुद्दाम बोलावून आणलेले, आणि माधवराव पेशव्यांनी ते गाव ज्यांना दिले ते विंचूरकरही मूळचे सासवडचे. साळी, कोष्टी, खत्री आणि मोमीन, म्हणजे मुसलमान विणकर, यांचा धंदा एकच. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाची कांडी, म्हणजे रेशीम गुंडाळलेली लहान नळी, वेगळी असते आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवावे लागतात, नाहीतर वस्त्रात फट राहते. हे कसब हिंदू-मुसलमान दोघांच्याही हातांत होते. तरीही १८९३-९४ मध्ये दंगे झाले, ते याच शेजाऱ्यांमध्ये. ‘गुण्यागोविंदाने’ हा शब्द म्हणूनच जपून वापरावा.

सीमेपलीकडे निजामाच्या राज्यात, रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, अत्याचारांनंतर आणि हैदराबादवरच्या भारताच्या पोलीस कारवाईच्या पाठोपाठ, मराठवाड्यातल्या मुसलमानांवर भीषण हल्ले झाले. त्यांची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात, जो पुढे कित्येक दशके दडवून ठेवला गेला, हल्लेखोरांमध्ये स्थानिक लोकही होते असे नमूद आहे. त्याच अहवालात अशीही नोंद आहे, की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदूंपासूनच वाचवले आणि त्यासाठी प्रसंगी स्वतःचे प्राणही गमावले. कोणते घर कोणाचे हे त्यांनाही ठाऊक होतेच. कोणत्या दाराशी उभे राहायचे, हे त्यांना म्हणून तर कळले.