सरकार आणि घराचा उंबरठा

१८९३ साली टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, हे आपली परदेशात वाढलेली मुलेही सांगतात. त्याच्या दोनच वर्षे आधी त्यांनी एका कायद्याविरुद्ध रान उठवले होते, ही गोष्ट मात्र स्मरणिकांमधून फारशी येत नाही. तो संमतिवयाचा कायदा. सरकारने माणसाच्या घरात कुठवर यावे, हा त्या वादाचा गाभा होता आणि तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

मार्च १८९१ मध्ये संमत झालेल्या या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा केले. नवऱ्यालाही ते बंधनकारक होते. टिळक काही बालविवाहाचे पुरस्कर्ते नव्हते. मुलींची लग्ने सोळाच्या आत करू नयेत, आणि सुधारणा हवी असे म्हणणाऱ्यांनी आधी स्वतः हे बंधन पाळावे, असे १८९० मध्ये त्यांनीच सुचवले होते. परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये, समाज शिकेल तसा बदलेल, असे त्यांचे म्हणणे. आगरकर 'सुधारका'तून कायद्याच्या बाजूने लिहीत होते.

माझा पिंड जुन्या वळणाचा आहे. घरातले प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांनी सोडवावेत, त्यासाठी पोलीस लागू नयेत, असे मला मनापासून वाटते. तत्त्व म्हणून टिळकांचे म्हणणे मला आजही पटते. पण मी डॉक्टरही आहे. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही अकराएक वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संबंधामुळे झालेल्या रक्तस्रावाने दगावली. तिचे वय दहाच्या वर असल्याने नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागूच शकला नाही. त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. समाज शिकेपर्यंत त्या वयाच्या मुलीचे शरीर थांबत नाही. आणि त्या घरातले वडीलधारे कुठे होते? त्यांनीच तर लग्न लावून दिले होते! इथे आगरकरांचेच बरोबर होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

म्हणून टिळकांची भीती निराधार होती असे मात्र नव्हे. १८९७ च्या प्लेगमध्ये गोऱ्या सोजिरांनी पुण्यातली घरे तपासली, तेव्हा लोकांना रोगापेक्षा सरकारचे भय जास्त वाटू लागले. रुग्णाला वेगळे ठेवणे वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होते. टिळकांनी स्वतः प्लेगचे इस्पितळ काढले होते. पण देवघरात बूट घालून शिरणाऱ्या माणसाकडे कोण आपण होऊन आजारी मूल घेऊन जाईल?

हे सगळे मंगफमध्ये बसून आठवायला एक कारण आहे. १२ जून २०२४ च्या पहाटे इथल्या एका कामगारांच्या इमारतीला आग लागली. पन्नासच्या आसपास माणसे गेली, त्यांत चाळीसहून अधिक भारतीय. बहुतेकांचा जीव ज्वाळांनी नाही, धुराने घेतला. खोल्यांमध्ये लवकर पेट घेणारी पार्टिशन्स होती आणि गच्चीचे दार बंद होते, असे तपासात सांगितले गेले. झोपेत कार्बन मोनॉक्साईड छातीत गेला की माणसाला जागे होऊन दार शोधायलाही सवड मिळत नाही.

आमच्या बैठकीत तेव्हा कुणीसे म्हणाले की ती माणसे स्वखुशीने तिथे राहत होती. मला हा शब्द फार सैल वाटतो. आपले जेवण, पेहराव, मुलीने कुणाशी लग्न करावे, यांत सरकारच काय, शेजाऱ्यांनीही डोकावू नये. पण घरी पैसे पाठवायचे म्हणून मिळेल त्या खाटेवर झोपणाऱ्याने गच्चीचे दार कुणाला उघडायला सांगायचे? मालकाला? ते दार उघडे आहे की नाही हे पाहायला सरकारी माणूसच यावा लागतो, आणि आग लागण्याआधी यावा लागतो.

त्या आगीनंतर पालिकेच्या तपासण्या वाढल्या, काही जागा रिकाम्या करवल्या गेल्या. रत्नागिरीकडचा एक ड्रायव्हर त्या दिवसांत रक्तदाब तपासायला आला होता. त्याचीही खोली गेली होती. "डॉक्टरसाहेब, कायदा बरोबरच आहे," तो म्हणाला, "पण नव्या खोलीचं भाडं दुप्पट आहे, ते कोण देणार?"

मी गोळी बदलून दिली. भाड्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.