हक्कसोड पत्र आणि बहिणीचा वाटा



वडिलांच्या निधनानंतर वारसनोंदीसाठी आता तलाठ्याच्या कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत. ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या अर्ज करता येतो. हरकतीची १५ दिवसांची मुदत संपली की मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर वारसांची नावे चढतात. पुढे बहिणी भावांना हक्कसोड पत्र करून देतात. वडिलोपार्जित मिळकतीत त्यासाठी मुद्रांक लागतो अवघा ५०० रुपयांचा. दुय्यम निबंधकासमोर छायाचित्र, अंगठा, आणि काम संपले. सोय चांगलीच आहे. उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश तर सूरह बकराच्या २८२ व्या आयतीतच आहे. परंतु यंत्राला अंगठा ओळखता येतो, त्यामागचे दडपण ओळखता येत नाही.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत हा प्रश्न आज अधिक टोचतो. द्रुतगती मार्ग आला, शेतघरे उठली, आणि ज्या वरकस जमिनीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते तिला दलाल शोधत येऊ लागले. मुंब्र्याला किंवा पनवेलला दिलेल्या बहिणीला हा भाव ठाऊक नसतो. भावाला असतो.

हिशेब अवघड नाही. समजा, ४० गुंठे जमीन मागे ठेवून एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. कर्ज व वसियत काही नाही. पत्नीचा आठवा हिस्सा, ५ गुंठे. उरलेल्या ३५ गुंठ्यांतून प्रत्येक मुलाला १० आणि प्रत्येक मुलीला ५. हे वाटे सूरह निसामध्ये अल्लाहने स्वतः ठरवून दिले आहेत. कोणत्याही भावाच्या औदार्यावर ते सोपवलेले नाहीत.

उहुदच्या युद्धात सअद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले तेव्हा त्यांच्या भावाने सारी मालमत्ता ताब्यात घेतली. त्यांची विधवा दोन मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली. वारसाहक्काची आयत अवतरल्यावर प्रेषितांनी (स.) त्या भावाला बोलावून मुलींना दोन तृतीयांश व त्यांच्या आईला आठवा हिस्सा द्यायला लावला, उरले ते त्याचे.

आपल्याकडे मात्र “माहेर तुटेल” या एका भीतीपोटी बहिणी सही करतात, आणि दस्तात लिहिले जाते ‘राजीखुशीने’. काही ठिकाणी तर वारसांच्या प्रतिज्ञापत्रातून त्यांची नावेच गाळली जातात. ती उघड खोटी साक्ष होय.

म्हणून उलेमा सांगतात की आधी बहिणीचे नाव लावा, तिचा वाटा मोजून तिच्या ताब्यात द्या. त्यानंतर ती हिबा करील, विकील किंवा मोबदला घेऊन बाजूला होईल, ती तिची मर्जी. सहीची तारीख ठरविण्यापूर्वी तिला तिच्या ५ गुंठ्यांचा आजचा बाजारभाव सांगा, आणि विचार करायला थोडे दिवस द्या.