ताप उतरताना

मे सरत आला आहे. नवतपा लागला आहे, म्हणजे सूर्य रोहिणीत गेल्यानंतरचे हे नऊ दिवस. भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीत दुपारी दोन वाजता रस्त्यावर कुणी नसते. किल्ल्याकडची वाट पांढरी पडलेली, तलावाच्या पाळीवर म्हशींचीसुद्धा चाहूल नाही. दारे ओढून घेतलेल्या खोलीत तुम्ही आहात आणि समोर लॅपटॉप आहे. गेम अडखळतो आहे, चित्र थांबून थांबून पुढे सरकते आहे आणि पंखा जीव तोडून फिरतो आहे.

गेम बंद करा. लॅपटॉप मात्र चालूच राहू द्या. आतली उष्णता बाहेर काढायला पंख्याला पाचेक मिनिटे हवी आहेत, ती त्याला द्या. त्या पाच मिनिटांत दुसरे काहीही करू नका.

आता हात पुढे करा. स्क्रीनच्या बिजागरीजवळ, कळफलकाच्या वरच्या पट्टीवर पालथा हात धरा, तापलेल्या लेकराच्या कपाळाजवळ नेतो तसा. टेकवू नका. बोटभर अंतरावरूनही झळ लागेल. आपल्या भाषेत ताप चढतो आणि ताप उतरतो. हा शब्द मनात धरून ठेवा, कारण आजच्या बसण्यात आपल्याला फक्त उतरण्याची वाट पाहायची आहे.

ही झळ कुठून आली? बोटाच्या नखाएवढ्या चिपमध्ये अब्जावधी बारीक स्विच एका सेकंदात कोट्यवधी वेळा उघडतात आणि मिटतात. भिंतीतून आत गेलेली वीज चित्र होऊन दिसते, आवाज होऊन ऐकू येते आणि शेवटी जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होते. गेमिंगचा लॅपटॉप जोरात असताना दीडशे-दोनशे वॅट सहज खातो. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे या खोलीत तुम्ही एकटे नव्हता. आणखी एक-दोन माणसे तुमच्याबरोबर बसून घामाघूम होत होती.

1961 साली रॉल्फ लँडॉअर या शास्त्रज्ञाने एक गोष्ट मांडली, ती मला फार दिवसांपासून सोडत नाही. साठवलेल्या माहितीचा एक कण पुसायचा म्हटला, तरी थोडी उष्णता बाहेर टाकावीच लागते. कितीही उत्तम यंत्र करा, या किमतीखाली कुणाला जाता येत नाही. आजच्या चिपा त्याहून कितीतरी जास्त उष्णता टाकतात, हे खरे. पण पुसण्याला ऊब लागते, हे वाक्य घेऊन क्षणभर थांबा. डोळे मिटले तरी चालेल. पंख्याचा आवाज ऐका. तो आता थोडा खाली आला आहे का?

आता त्या उष्णतेबरोबर आपणही बाहेरच्या वाटेने जाऊ. चिपवर राखाडी लेपाचा पातळ थर असतो, थर्मल पेस्ट. दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये हवेच्या फटी राहतात आणि हवा उष्णता धड पुढे जाऊ देत नाही. लेप त्या फटी बुजवतो. त्याच्यावर तांब्याची चपटी नळी. इथे जरा रेंगाळा.

ही नळी भरीव नाही. आत थोडेसे पाणी असते आणि हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे ते पाणी शंभर अंशांच्या बरेच खाली उकळते. चिपजवळ पाण्याची वाफ होते, वाफ नळीच्या थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून चिपकडे परतते, समईच्या वातीत तेल चढते तसे. अशी नळी 1963 साली अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी तयार केली. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला 100 कॅलरी लागतात. तेच पाणी शंभर अंशांवर नुसते वाफ व्हायला आणखी 540. एवढी उष्णता पाणी आपल्या पोटात घालून निघून जाते.

सपरीतल्या माठाकडे पाहा. तोही हेच करतो. मातीतून पाझरलेले पाणी वाफ होताना माठातली उष्णता घेऊन जाते. खिडकीतला कूलर हेच करतो. तुमच्या कपाळावरचा घामही हेच करतो. लॅपटॉपच्या पोटात बंद करून ठेवलेला एक माठ आहे, असे म्हणायला मला काही हरकत वाटत नाही. उठा, पेलाभर पाणी प्या, सावकाश. घशातून खाली उतरताना त्याचा गारवा कुठपर्यंत जाणवतो ते बघा. मग परत या.

नळीच्या दुसऱ्या टोकाला तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची दाट जाळी असते. पंखा तिच्यातून वारा ढकलतो. उष्णता इथे घर सोडते आणि इथेच अडतेही.

कारण उष्णतेला उतार लागतो. पाणी धानाच्या वरच्या बांधीतून खालच्या बांधीत जाते, तशी ती जास्त तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडे जाते आणि उतार जितका मोठा तितका ओघ मोठा. प्रोसेसर 95 अंशांवर आहे असे धरा. पौषातल्या थंडीत खोली 20 अंशांवर असते, तेव्हा उतार 75 अंशांचा. आज कवेलूखाली 45 अंश असतील, तर उरला 50. पंखा तोच, जाळी तीच, पण तिसरा हिस्सा उतार उन्हाने खाल्ला. मग यंत्र जळू नये म्हणून स्वतःच चाल कमी करते. तुम्हाला चित्र अडकल्याचे दिसते. खरे तर यंत्र सांभाळून चालू लागलेले असते. त्याच्यावर चिडला असाल, तर तो राग आता खाली ठेवा.

आणि जाळीत गाळ साचतो. मी गाळच म्हणेन. भंडाऱ्याच्या माणसाला गाळ समजावून सांगावा लागत नाही. गोंड राजांच्या काळापासून इथल्या कोहळी लोकांनी तलाव आणि बोड्या बांधल्या, तुडुमातून, म्हणजे पाळीतल्या मोरीतून, पाणी काढून धानापर्यंत नेले. गाळ निघायचा आणि बांध्यांत पडायचा. 1951 साली मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले आणि आपला तलाव आपणच उपसायचा ही सवय गावोगाव सुटत गेली. पाळ जागेवर, तुडुम जागेवर, पावसाळाही तोच, पण तलावाचे पोट उथळ. मला या गोष्टीचे मनापासून वाईट वाटते. म्हणूनच या छोट्या जाळीतला गाळ तरी हाताने काढावा, असे वाटते.

आता लॅपटॉप पूर्ण बंद करा. चार्जर काढा. उलटा करून तळहात ठेवा आणि तो नुसता कोमट लागेपर्यंत थांबा. घाई करू नका. खालचे झाकण उघडायची सवय असेल तर एकेक स्क्रू काढून वाटीत ठेवा. नसेल तर साकोलीला जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे न्या, त्यात कमीपणा नाही. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, ते फिरता कामा नये. दुसऱ्या हातात मऊ कोरडा ब्रश. तोंडाने फुंकू नका, श्वासात ओल असते. जाळीच्या तोंडाशी राखाडी नमद्यासारखी पट्टी जमलेली दिसेल. ती अलगद उचला. त्यात अंगणातली माती आहे, गादीतला कापूस आहे, तुमचेच केस आहेत. वर्षभराची खोली त्या पट्टीत बसलेली आहे. तिच्याकडे थोडा वेळ बघत राहा.

बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचलला गेला असला, तर मात्र हे मनन इथेच थांबवा. चार्जर लावू नका, तिला दाबू नका, टोचू नका, बदलून घ्या.

सगळे नीट असेल तर झाकण लावा. लॅपटॉप गादीवर नको, लाकडी पाटावर ठेवा, मागच्या बाजूला दोन जाड वह्या सारा, म्हणजे पोटाखालून वारा जाईल. कूलरची हवा बाजूने येऊ द्या, तुषार अंगावर येतील इतके जवळ मात्र नको. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन फ्रेम साठवर बांधा.

पण लगेच सुरू करू नका. आज दिवस मावळू द्या. पाळीवरून वारा सुटेल, भिंती हळूहळू ऊन सोडू लागतील, सपरीत कुणीतरी पाणी शिंपडेल आणि तापलेल्या मातीचा वास आत येईल. तेव्हा बटण दाबा आणि जाळीच्या तोंडाशी पालथा हात धरा. आधी काहीच जाणवणार नाही. मग हवेची एक बारीक, सलग, कोमट धार बोटांवरून जाऊ लागेल.