निर्णय न घेणारी बैठक

कार्यकर्त्यांना काही शिकवायचं ठरलं की आपल्याकडे शिबिर भरतं. तीन दिवसांचं, निवासी. सकाळी चळवळीची गाणी, मग बौद्धिक, दुपारी गटचर्चा, रात्री पथनाट्य आणि शेवटच्या दिवशी ठराव. या ठरावापाशी माझं मन नेहमी अडतं. त्याचा मसुदा पुष्कळदा पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी शबनम पिशवीत तयार असतो. मग ते तीन दिवस लोक शिकत होते, की त्यांना त्या मसुद्यापर्यंत हाताला धरून आणलं जात होतं? आणणाऱ्याचा हेतू वाईट असतो असं नाही. पण पोचायचं ठिकाण आधीच ठरलेलं असलं की वाटेत पडणारे प्रश्न अडथळे वाटू लागतात.

याहून वेगळ्या रीतीने शिकणारं, मेंढा नावाचं एक गाव गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात आहे. शेजारच्या लेखा गावाबरोबर त्याचं नाव मेंढा-लेखा असं जोडून घेतलं जातं. वस्ती गोंड आदिवासींची, घरं शंभराच्या आसपास. ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचं राज्य, ही घोषणा आणि गावचे नेते देवाजी तोफा यांचं नाव यांमुळे गाव सर्वदूर ठाऊक झालं. मिलिंद बोकील यांनी या गावावर ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक लिहिलं. वनहक्क, बांबू, सर्वसहमती यांविषयी बरंच बोललं जातं. मला मात्र त्या सगळ्याच्या मुळाशी असलेली एक साधी व्यवस्था जास्त मोलाची वाटते, आणि तिच्याकडे लक्ष कमी जातं. ती म्हणजे अभ्यासगट.

मेंढ्यात बैठका दोन प्रकारच्या. ग्रामसभेत निर्णय होतात, तेही बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने. अभ्यासगटात निर्णय होतच नाही. तिथे ज्याला रस असेल त्याने यावं, विषय समजून घ्यावा, प्रश्न विचारावेत, वाटल्यास उठून जावं. बाहेरचा माणूसही बसू शकतो. वकील, प्राध्यापक, सरकारी अधिकारी, कुणीही. ग्रामसभेत मात्र ठरवणार ते गावातलेच. अभ्यासातून काही निघालं तर ते ग्रामसभेपुढे माहिती म्हणून जातं, शिफारशीचा दाब घेऊन जात नाही.

ही व्यवस्था आकाराला येण्यामागे मोहन हिराबाई हिरालाल यांचा मोठा वाटा. जयप्रकाश नारायण यांच्या छात्र-युवा संघर्ष वाहिनीतून आलेला हा कार्यकर्ता, ‘वृक्षमित्र’ संस्थेचा संस्थापक. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम या धरणांविरुद्ध या भागात मोठं आंदोलन झालं. त्यानंतर, सर्वांच्या सहमतीने चालणारं गाव कुठे आहे का, या शोधात ते मेंढ्याला पोचले. म्हणजे येताना त्यांच्याकडे कार्यक्रम नव्हता, प्रश्न होता. बाहेरून येणाऱ्या माणसाला त्यांनी शब्द दिला ‘सहयोगी मित्र’. त्याने माहिती द्यावी, सोबत अभ्यास करावा, ठरवू नये. सर्वसहमतीचा आग्रह विनोबांच्या विचारातून आलेला. अभ्यासाला वेगळी जागा देण्याची युक्ती मात्र मला तिथल्या मातीतली वाटते.

युक्ती एवढी महत्त्वाची का? निर्णय डोक्यावर असला की माणसं बाजू घेतात. ‘याचा खर्च कोण करणार?’ असं कुणी विचारलं तर तो विरोधक ठरतो. शंभर घरांच्या गावात विरोधक हा कुणाचा तरी मामा किंवा व्याही असतो, आणि बैठक संपली तरी ते नातं संपत नाही. म्हणून शहाणी माणसं गप्प बसतात. निर्णयाचं ओझं काढून घेतलं की तोच प्रश्न निरुपद्रवी होतो. मग ‘मला हे कळलं नाही’ असंही म्हणता येतं, जे कार्यकर्त्यांच्या बैठकीत म्हणायला सगळ्यांत अवघड वाक्य आहे.

तज्ज्ञाचंही तसंच. जाणकार माणूस निर्णयाच्या बैठकीला आला की तोच जिंकतो, कारण त्याला शब्द येतात. म्हणून संघटना एक तर तज्ज्ञाच्या मागे जातात किंवा त्याला दारातच थांबवतात. अभ्यासगटात त्याचं सगळं ज्ञान घ्यावं आणि त्याच्या मताला बांधील होऊ नये, अशी सोय होते. गाव वनाधिकाऱ्यालाही निर्धास्तपणे बोलावू शकतं.

आणि सर्वसहमती चालते तीही यामुळेच. एरवी सर्वसहमती म्हणजे मौनाला संमती समजण्याचा सोयीस्कर प्रकार होतो, नाही तर एकेक विषय वर्षानुवर्षं लोंबकळतो. आधी चार वेळा विषय चघळलेला असला, तर ग्रामसभेत येणारं ‘हो’ खरं असण्याची शक्यता वाढते.

बांबूचंच पाहा. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात झाड या शब्दाच्या व्याख्येत २०१७ पर्यंत बांबू धरलेला होता. झाड म्हटलं की मालकी वनखात्याची. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचं नाव स्पष्ट घातलं, आणि गौण वनोपजावरची मालकी गावाकडे दिली. एकच काठी, तेव्हा एका कायद्याने झाड, दुसऱ्याने गौण वनोपज. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागणार आणि तो देणार वनखातं. हा पेच ‘आपले हक्क ओळखा’ छापाच्या रंगीत पुस्तिकेने सुटणारा नव्हता. दोन्ही कायद्यांची कलमं समोर ठेवून, कुठला शब्द कुठे आला आहे हे पाहावं लागतं. गावाने मागणी धरून ठेवली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. वर्तमानपत्रांनी तो दिवस छापला. त्यामागच्या कलमवाचनाचं छायाचित्र निघत नाही.

प्रशिक्षणसाहित्य तयार करणाऱ्यांशी माझं भांडण इथेच आहे. कायदा सोपा करून सांगायचा म्हणून ते कलमच गाळून टाकतात आणि त्याचा अर्थ तेवढा देतात. अर्थ पाठ करून गेलेला कार्यकर्ता तहसील कार्यालयात पहिल्याच उलट प्रश्नाला अडखळतो. कलम वाचायला वेळ लागतो, हे खरं. मेंढ्यात तर कायदा इंग्रजीतला, त्याचा अनुवाद सरकारी मराठीतला आणि घरात बोलायची भाषा गोंडी. हे अंतर एका सत्रात कापलं जात नाही. ते कापायला पुन्हा पुन्हा बसायची सवय लागते, आणि ती सवय हेच अभ्यासगटाचं खरं साहित्य.

एक आक्षेप रास्त आहे. जो नियमाने अभ्यासाला बसतो तो जाणकार होतो, आणि निर्णय न घेणारा गटच हळूहळू पडद्यामागून गाव चालवू लागू शकतो. हा धोका मला खरा वाटतो. त्यावर तोडगा पुन्हा सर्वसहमतीतच आहे: एकदाही अभ्यासगटाला न आलेली बाईसुद्धा ग्रामसभेत ‘मला पटलं नाही’ म्हणून विषय थांबवू शकते. मग जाणकारांना पुन्हा समजावत बसावं लागतं. त्यांच्या संयमाची परीक्षा तीच. २०१३ मध्ये गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपापली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करायला संमती दिली. जमिनीसारख्या विषयात घराघरातून ‘हो’ मिळवणं घाईने जमणारं काम नव्हे.

घाईचा प्रश्न मात्र आता वाढला आहे. गडचिरोलीत सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांची संख्या हजाराहून अधिक आहे, आणि अनेक ग्रामसभा तेंदूपानाचा लिलाव स्वतः करतात. तेंदूची तोडणी उन्हाळ्यातल्या थोड्या आठवड्यांत उरकावी लागते. पान जून झालं की ठेकेदार हात लावत नाही. त्याआधी निविदा, करारनामा, मजुरीचा दर, हिशेब. या गावांना प्रशिक्षण हवं आहे, आणि संस्था ते देतातही, बहुधा लिलावाच्या तोंडावर, म्हणजे निर्णय अगदी दारात उभा असताना. लिलावाचा करारनामा नीट वाचायचा असेल तर तो रोवणी उरकल्यावर, लिलावाच्या कितीतरी महिने आधी वाचायला घ्यावा. तेव्हा ठेकेदार गावात फिरकत नाही, अनुदानाच्या वर्षाचा खर्चही संपवायचा नसतो, आणि भाव किती ठेवावा यावर कुणाचं कुणाशी वाजत नाही.