जादा खूण

फ्रान्स्वा आणि लुई ब्लाँ हे जुळे भाऊ १८०६ साली दक्षिण फ्रान्समधल्या कुर्तेझों गावी गरिबाच्या घरात जन्मले. बाप त्यांच्या जन्माआधीच गेला होता.

मोठेपणी दोघं बोर्दोत सरकारी रोख्यांच्या सट्ट्यात उतरले. भाव ठरायचा पॅरिसला आणि टपालगाडीनं बोर्दोला पोहोचायला काही दिवस लागायचे. बड्या सावकारांचे स्वतःचे घोडेस्वार होते, कबुतरं होती. सरकारची तर तारच होती! मनोऱ्यामनोऱ्यांवरचे लाकडी हात हलवत निरोप झपाट्यानं पुढे जाई. सामान्यांना ती तार बंद.

१८३४ मध्ये भावांनी वाटेवरच्या तूर शहरातल्या तारवाल्याला पैसे चारले. पॅरिसहून येणाऱ्या पार्सलवरून रोख्यांच्या भावाची दिशा कळली, की तो सरकारी निरोपात एक जादा खूण घुसडी आणि लगेच ‘चुकलं’ अशी खूण देई. पुढचे गरीब तारवाले ती इमानानं पुढे धाडत. बोर्दोत भावांचा माणूस मनोऱ्याकडे डोळे लावून बसलेला असे.

दोन वर्षांनी बिंग फुटलं. पण खासगी निरोपाविरुद्ध कायदाच नव्हता, म्हणून १८३७ च्या खटल्यात भाऊ सुटले. त्याच वर्षी कायदा झाला. त्यानं तार लोकांना खुली केली नाही, उलट सरकारची मक्तेदारी पक्की केली.

मला या भावांचं कौतुक वाटत नाही. बंद दाराचा राग खरा होता, पण बोर्दोत त्यांच्या हातून बुडालेल्यांत त्याच दाराबाहेरची माणसंही होती.

१८४१ मध्ये हे भाऊ जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गला आले. तिथल्या कर्जबाजारी संस्थानिकाला जुगारघर हवं होतं. पैसा कुठून आला हे त्याच्या दृष्टीनं गौण होतं. ब्लाँनी रूलेटमधलं एक शून्य काढून टाकलं आणि गर्दी खेचली. १८६७ मध्ये रशियन लेखक दोस्तोयेव्हस्कीनं इथं हरून घड्याळ गहाण टाकलं. तार आणि जुगाराची ही जोडी पुढे आपल्या मुंबईतही जमली: न्यूयॉर्कहून तारेनं येणाऱ्या कापसाच्या भावावर आकडा लावला जाई, आणि कापूस कातणारे गिरणी कामगारच त्यात पगार घालवत.

प्रशियानं १८७२ मध्ये हॉम्बुर्गचं जुगारघर बंद केलं. फ्रान्स्वानं तोवर मोनॅकोत माँटे कार्लो उभं केलं होतं. त्याच्या कमाईवर तिथल्या राजानं १८६९ मध्ये प्रजेचे प्रत्यक्ष कर माफ केले. त्या प्रजेला मात्र जुगारघरात खेळायला मनाई आहे.