नफीर आणि निवेदन

१३ डिसेंबर २०२१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत एक ठराव मताला आला. हवामान बदलामुळे शांततेला पोहोचणारा धोका परिषदेने आपल्या कामकाजात नियमितपणे विचारात घ्यावा, अशी त्यातली मागणी होती. नायजर आणि आयर्लंड यांनी तो मांडला होता आणि ११३ देश सहप्रायोजक होते. बाजूने बारा मते पडली, चीन तटस्थ राहिला, रशियाने नकाराधिकार वापरला. रशियाच्या जोडीने विरोधात मत देणारा एकमेव देश होता भारत.

भारताचा मुद्दा झटकून टाकण्याजोगा नव्हता. हवामानाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या १९९२च्या हवामान कराराच्या चौकटीतच, जिथे सगळे देश बसतात तिथेच, सोडवला पाहिजे. तो पाच नकाराधिकारवाल्यांच्या दालनात गेला, तर ज्यांनी शतकभर धूर सोडला तेच पैसा आणि तंत्रज्ञान देण्याची आश्वासने बाजूला सारून इतरांचा न्याय करू लागतील, ही भीती खरी आहे. तरीही त्या मतदानाची आठवण झाली की मला त्याआधीचे, २३ फेब्रुवारी २०२१चे निवेदन आठवते. ब्रिटनच्या अध्यक्षतेखाली परिषदेने हवामान आणि सुरक्षा या विषयावर चर्चा ठेवली होती. करोनामुळे सगळे पडद्यावर. निमंत्रित वक्त्यांमध्ये सुदानच्या निसरीन एल-साइम होत्या. वय पंचविशीच्या आसपास, खार्टूम विद्यापीठातली भौतिकशास्त्राची पदवी, पुढे अक्षय ऊर्जेचा अभ्यास, आणि सुदानमधल्या तरुणांच्या हवामानविषयक संघटनेची जबाबदारी. त्याच्या काही महिने आधी, जुलै २०२०मध्ये, सरचिटणीस अंतोनिओ गुटेरेश यांनी १८ ते २८ वयोगटातल्या सात जणांचा सल्लागार गट जाहीर केला. एल-साइम त्याच्या अध्यक्ष झाल्या. याच गटात ओडिशाच्या खाडिया आदिवासी समाजातल्या आणि मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकलेल्या अर्चना सोरेंगही होत्या.

अशा नेमणुका झाल्या की सगळीकडे एकच शब्द ऐकू येतो: ‘तरुणांचा आवाज’. या शब्दाबद्दल माझी तक्रार आहे. आवाज ऐकून घेतला की ऐकणाऱ्याचे कर्तव्य संपते. बोलणाऱ्याला काय माहीत आहे, हे विचारण्याची गरज उरत नाही. तरुण व्यक्तीकडून जगाला संताप हवा असतो, डोळ्यांत पाणी हवे असते. मसुद्यातल्या कलमावरची दुरुस्ती नको असते. एल-साइम यांचे बरेचसे काम मात्र याच रुक्ष बाजूचे आहे. हवामान परिषदांमध्ये त्यांनी आफ्रिकी देशांच्या वाटाघाटी गटात कनिष्ठ प्रतिनिधी म्हणून काम केले, आणि विषय घेतला तंत्रज्ञान हस्तांतराचा. या विषयावर कोणी फलक रंगवत नाही.

अरब जगातल्या तरुणांनी वाटाघाटीचा हा मार्ग धरायला आणखी एक कारण आहे. युरोपातली शाळकरी मुले शुक्रवारी संसदेसमोर बसली तेव्हा बसायला जागा होती. इजिप्तमध्ये २०१३च्या कायद्याने रस्त्यावरचे आंदोलन जवळपास अशक्य करून ठेवले आहे, आणि २०२२ साली शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत निदर्शनांसाठी वेगळी आखून दिलेली जागा होती. त्याच परिषदेत पहिल्यांदा अध्यक्षपदाने अधिकृत युवा दूत नेमला: ओम्निया अल-ओम्रानी, इजिप्तमधल्या एक तरुण डॉक्टर. ज्या देशात चौकात उभे राहता येत नाही, तिथला तरुण सभागृहात शिरायची वाट शोधतो. याला कोणी तडजोड म्हणेल. मला ती हिकमत वाटते, मात्र तिची किंमत मोजावी लागते, कारण सभागृहाचे दार आतून उघडते.

सुदानची गोष्ट त्यातही निराळी, कारण तिथे तरुणांनी चौक जिंकूनही दाखवला होता. डिसेंबर २०१८ मध्ये अतबारा शहरात भाकरीच्या दरावरून लोक रस्त्यावर आले आणि ११ एप्रिल २०१९ रोजी ओमर अल-बशीर यांची तीस वर्षांची सत्ता कोसळली. जूनमध्ये खार्टूममधल्या धरणे आंदोलनावर गोळ्या चालल्या. अशा देशातून आलेली व्यक्ती सुरक्षा परिषदेला हवामान आणि संघर्षाचे नाते सांगते, तेव्हा ती फार अरुंद बांधावरून चालत असते.

तो बांध म्हणजे पश्चिम सुदानमधला दार्फुर. जून २००७ मध्ये तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी एका लेखात दार्फुरच्या रक्तपाताचे मूळ हवामान बदलाशी जोडले होते. ॲलेक्स द वाल यांच्यासारखे, दार्फुर आयुष्यभर अभ्यासलेले लोक यावर नाराज झाले आणि त्यांची नाराजी योग्य होती. दार्फुरची जुनी व्यवस्था मराठी वाचकाला परकी नाही. पीक निघाले की पशुपालकांचे कळप ठरल्या वाटांनी येत, रानातले धाटे-काडी खात, जमिनीला खत देत आणि पुढे जात. आपल्याकडे दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे धनगर आणि त्यांच्या मेंढ्या रानात बसवून घेणारे शेतकरी यांच्यातला व्यवहार याच जातीचा. १९७०पासून साहेलमधला, म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या पट्ट्यातला, पाऊस घटला, १९८३ ते ८५ या काळात दुष्काळाने माणसे मेली, उत्तरेकडचे कळप नेहमीपेक्षा लवकर आणि जास्त दक्षिणेला येऊ लागले. पीक उभे असताना जनावरे रानात शिरली की भांडण होणारच. ते मिटवायला पूर्वी गावोगावचे शेख आणि नाझिर होते. ही व्यवस्था सुदानचे तेव्हाचे सत्ताधीश निमेरी यांच्या राजवटीने १९७१ मध्ये मोडीत काढली. पुढे खार्टूमच्या सरकारांनी एका बाजूच्या हातात बंदुका दिल्या. २००३ साली जे पेटले त्याला पावसाची तूट कारण होती, यात शंका नाही. पण पंच काढून घेणे आणि शस्त्रे वाटणे हे निर्णय होते, आणि निर्णयांना माणसे जबाबदार असतात.

म्हणून ‘हवामानामुळे युद्ध’ हे वाक्य सत्ताधाऱ्यांना आवडते. आकाशावर खटला भरता येत नाही. दुसरीकडे ‘हवामानाचा युद्धाशी संबंध नाही’ हे वाक्य श्रीमंत देशांना सोयीचे. या दोन सोयींच्या मधली जागा धरून ठेवणे हेच एल-साइम यांच्या पिढीचे खरे वैचारिक काम आहे, असे मला वाटते. भारताने आपल्या मताचे जे समर्थन केले त्यात या मधल्या जागेला स्थान नव्हते. तेव्हा ठराव मांडणाऱ्या दोघांपैकी एक नायजर होता, याच साहेल पट्ट्यातला, धूर न सोडता धग सोसणारा देश. त्याचे म्हणणे श्रीमंतांचा कावा म्हणून बाजूला सारता येत नव्हते.

एल-साइम यांच्या निवेदनाच्या काही महिने आधी, २०२०च्या पावसाळ्यात, खार्टूमजवळ नाईल नदीची पातळी साडेसतरा मीटरच्या वर गेली. १९४६ आणि १९८८चे महापूर मागे पडले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशात तीन महिन्यांची आणीबाणी जाहीर झाली. शंभराच्या आसपास माणसे गेली, हजारो मातीची घरे विरघळली.

सुदानी अरबीत ‘नफीर’ असा शब्द आहे. कोणाचे घर बांधायचे आहे, कोणाची कापणी खोळंबली आहे, तर गाव एकत्र येऊन काम उरकते. ज्याचे काम तो जेवू घालतो. आपल्या इर्जिकीचा किंवा सावडीचा हा सख्खा भाऊ. ऑगस्ट २०१३च्या पुरात खार्टूमच्या तरुणांनी याच नावाने मोहीम उभी केली. सरकार पूरस्थिती गंभीर नाही असे सांगत असताना ही मुले वस्त्यांची पाहणी करत होती, फोनवर मदतीच्या हाका नोंदवत होती, अन्न आणि ताडपत्री पोहोचवत होती. २०१८च्या उठावात मोहल्ल्या-मोहल्ल्यांच्या प्रतिकार समित्या झाल्या, त्यात हीच सवय कामी आली. हवामानविषयक युवा चळवळीच्या इतिहासात २०१३च्या या मुलांचे नाव सहसा येत नाही, कारण त्यांनी ‘हवामान’ हा शब्द वापरलाच नाही. माझ्या मते त्यांच्यापासून सुरुवात केल्याशिवाय हा इतिहास लिहिता येणार नाही. निवेदन करणाऱ्याच्या मागे नफीर नसेल, तर ते निवेदन अधांतरी राहते. आणि नफीर करणाऱ्यांचे म्हणणे मांडायला कोणी नसेल, तर दर पावसाळ्यात तीच माणसे त्याच ताडपत्र्या वाटत राहतात.

आता तंत्रज्ञान हस्तांतराकडे परत येतो. १९९२च्या करारातच, चौथ्या कलमात, विकसित देशांनी विकसनशील देशांना तंत्रज्ञान मिळवून देण्याची जबाबदारी घेतली आहे. २०१०मध्ये कानकूनच्या हवामान परिषदेत त्यासाठी खास यंत्रणा ठरली. सुदानवर मात्र १९९७पासून २०१७पर्यंत अमेरिकेचे व्यापारी निर्बंध होते. त्यातून एक वस्तू सुटली होती: डिंक. कोर्दोफानच्या हशाब झाडांचा, बाभळीच्या कुळातला हा डिंक शीतपेयांपासून औषधांपर्यंत सगळीकडे लागतो आणि जगाला मिळणाऱ्या त्याच्या पुरवठ्यातला सर्वांत मोठा वाटा सुदानचा आहे. म्हणजे सुदानमधून जे हवे ते बाहेर येऊ शकत होते. सुदानला जे हवे त्याचे पैसे बँकेतून पाठवणेसुद्धा कठीण होते. या देशातली भौतिकशास्त्राची पदवीधर वाटाघाटीच्या टेबलावर नेमका हाच विषय का निवडते, हे मला इथे उमगल्यासारखे वाटते.

१५ एप्रिल २०२३ रोजी सैन्य आणि जलद सहाय्य दल यांच्यात युद्ध सुरू झाले. हे दल म्हणजे दार्फुरमध्ये ज्यांच्या हाती बंदुका दिल्या होत्या त्यांचाच वारस. एक कोटीहून अधिक माणसे घरदार सोडून गेली. ऑगस्ट २०२४मध्ये दार्फुरच्या झमझम छावणीत दुष्काळ अधिकृतपणे नोंदवला गेला. प्रतिकार समित्यांमधून आलेल्या तरुणांनी मोहल्ल्यांमध्ये आपत्कालीन कक्ष उघडले. तिथे सामुदायिक चुली पेटतात, दवाखाने चालतात, विहिरींची डागडुजी होते. या कामासाठी दोन्ही बाजूंनी त्यांना पकडले, मारलेही.

युद्धात वीजकेंद्रांवर आणि वाहिन्यांवर हल्ले झाले. जानेवारी २०२५मध्ये मेरोवे धरणाच्या वीजकेंद्रावर ड्रोन पडले. अंधार झाला तशी लोकांनी छपरांवर सौर पॅनेल बसवायला सुरुवात केली. ज्यांना परवडले त्यांनी घरासाठी, काही वस्त्यांनी मिळून पाण्याच्या पंपासाठी. पैसे कुठून आले? कोणाचा भाऊ आखाती देशात राबतो, कोणी दागिने मोडले. चौथ्या कलमात लिहिलेले तंत्रज्ञान तीस वर्षांनी सुदानच्या छपरांवर पोहोचले, ते असे.